हा आवाज आधी नव्हता

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले दोन शेजारी तालुके. मधून भीमा वाहते. अलीकडे ऊस, पलीकडेही ऊस. अलीकडे बिबट्याची बातमी, पलीकडेही तीच. पण इंजिन या एका विषयात दोन्हीकडचे स्वभाव एकदम निराळे.

दौंडकराला इंजिन बदलण्याचं काही वाटत नाही. त्याच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलंय. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि ती दौंडला अशा बाजूने येऊन मिळाली की नगरकडून पुण्याला निघालेली गाडी दौंडात शिरते तेव्हा तिचं तोंड सोलापूरकडे असतं. मग पुढचं इंजिन सोडायचं, मागच्या टोकाला जोडायचं आणि शेपटीलाच तोंड म्हणून पुण्याचा रस्ता धरायचा. तेवढ्या वेळात प्रवाशांचा चहा होई. पहिल्यांदाच या मार्गाने येणारा एखादा गृहस्थ मात्र गाडी सुटताच ताडकन उभा राही. "अहो, गाडी परत निघाली!" डबाभर माणसं त्याच्याकडे दयेने बघत आणि समोरचे आजोबा पान चघळत सांगत, "इंजिन बदललं. बसा." पुढे कॉर्ड लाईन झाली आणि बऱ्याच गाड्यांचा हा फेरा टळला. पण मुद्दा असा, की इतक्या वर्षांत दौंडला इंजिन बदलल्यावर "हा आवाज आधी नव्हता" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

शिरूरचं तसं नाही. शिरूर तालुक्यात इंजिन हा अभ्यासाचा विषय आहे. याच तालुक्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे तिथलं सूत्र. जीपचे जुने सुटे भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तिथेच तयार झाला. म्हणजे आपल्याकडे ज्या कामाला आई-वडील "गाडीची वाट लावली" म्हणतात, त्याला पाबळमध्ये अभ्यासक्रमात जागा मिळाली.

रांजणगावची गोष्ट तर आणखी पुढची. महागणपतीच्या या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. नेमकं बोलायचं तर १२४८ सीसी. ते फियाटच्या गाड्यांत होतं, टाटांच्या गाड्यांत होतं, आणि त्याच घराण्यातलं इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही धावत होतं. इतक्या घरांत नांदल्यामुळे वाहनवेडे त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. बॉडी एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं, हा प्रकार मोठ्या कंपन्यांनी केला की त्याला करार म्हणतात. आमच्या दाजींनी केला तेव्हा ताईने त्याला वेगळा शब्द वापरला होता.

दाजींचं घर केडगावच्या अलीकडे. त्यांच्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे. अलीकडे ती डिझेल कमी आणि ऑईल जास्त पीत होती. चढाला लागली की मागे इतका निळा धूर सोडी की पाठीमागचे दुचाकीवाले रस्ता सोडून बांधावर उतरत. इंजिनाचं काम काढायचं तर बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक, सगळंच आलं. त्यापेक्षा त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, अपघातात बॉडी गेलेल्या जीपचं इंजिन मिळतंय तर ते बसवावं, असं ठरलं.

कायद्याने हे काम परस्पर करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. इंजिन बदललं तर त्याची नोंद लागते, कारण आरसी बुकावर इंजिनाचा नंबर असतो. आता दौंड तालुका बारामतीच्या आरटीओत, म्हणजे एमएच ४२. शिरूर पुण्याच्या, म्हणजे एमएच १२. दाजींचा मिस्त्री शिरूरचा. त्यामुळे कागद बारामतीला आणि गाडी शिरूरला, असे दोघे एकमेकांकडे पाठ करून निघाले. नवल म्हणजे कागद आधी परत आले.

इंजिन बसलं. सेल्फ मारल्यावर पहिल्या झटक्यात चालू झालं. थोडा काळा धूर आला, मग साफ. नारळ फुटला, पेढे वाटले. दाजींनी बॉनेटवर हात ठेवून "काय गुळगुळीत चालतंय!" असं म्हटलं आणि मागच्या सीटवरून ताई म्हणाली,

"अहो, हा आवाज आधी नव्हता."

इंजिन बदललेल्या गाडीच्या आयुष्यात हे वाक्य कधी ना कधी येतंच. खरं तर आधीच्या इंजिनाचे इतके आवाज होते की त्यात मोटारसायकल पडली असती तरी ऐकू आलं नसतं. पण जुन्या आवाजांशी माणसाचा संसार झालेला असतो. त्यातला कुठला आवाज दाराचा, कुठला सायलेन्सरचा आणि कुठला नुसताच, हे पाठ असतं. नव्या इंजिनाचा एकच बारीक आवाज मात्र रात्रभर झोपू देत नाही.

यातली पहिली अडचण म्हणजे आवाज सांगायचा कसा. मिस्त्री विचारतो, "कसा येतोय?" आणि चारचौघांत मान असलेला, सोसायटीच्या सभेत भाषण करणारा गृहस्थ तोंडाने "टिक टिक टिक" करू लागतो.

"टिक टिक का टक टक?"

"टकच्या जवळचं. पण थोडं लोखंडी."

"म्हणजे ठण्ण?"

"छे, छे. ठण्ण असतं तर मीच ओळखलं असतं."

मग गॅरेजमधला पोऱ्या एक आवाज काढतो, शेजारचा वेल्डर दुसरा काढतो, आणि गाडी बंद असूनही तिथे तीन गाड्या नादुरुस्त असल्यासारखं वाटतं. दाजींनी यावर उपाय म्हणून आवाज मोबाइलवर टिपून मिस्त्रीला पाठवला. त्यात वारा होता, एका एसटीचा हॉर्न होता, ताईचं "तो नाही, दुसरा" होतं. ठोका तेवढा नव्हता.

दुसरी अडचण अशी की आवाज लाजाळू असतो. न्हावरा फाट्यापर्यंत तो बेंबीच्या देठापासून ओरडतो आणि गॅरेजच्या दारात गाडी उभी राहिली की मुलगी बघायला आल्यासारखा गप्प होतो. मिस्त्री कान लावतो, हात पुसतो आणि आपल्याकडे असा बघतो की आपल्यालाच डॉक्टरला दाखवावंसं वाटतं.

तरी दाजींच्या नशिबाने मिस्त्रीपुढे आवाज आला. त्याने लांब पेचकस घेतला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाला. १८१६ साली पॅरिसमधल्या लेनेक नावाच्या डॉक्टरला एका बाईच्या छातीला थेट कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली आणि तिचा पुढे स्टेथोस्कोप झाला. आमच्या मिस्त्रीला संकोच कशाचाच नव्हता. त्याला फक्त फॅनमध्ये कान जाऊ द्यायचा नव्हता. पेचकस हेडवरून फिरला, पंपावर गेला, खाली चेंबरला टेकला. डोळे मिटलेले. सगळे श्वास धरून.

"टॅपेट," मिस्त्री म्हणाला.

टॅपेट कव्हर उघडलं. फिलर गेज घालून एकेक टॅपेटचं अंतर बघितलं. एकदोन किंचित सैल निघाले, ते बसवले, कव्हरचं नवं पॅकिंग टाकलं. गाडी शिरूरहून निघाली ती न्हावऱ्यापर्यंत शांत होती. शांत म्हणजे, दाजी इतक्या मोठ्याने समाधान व्यक्त करत होते की काही ऐकू येत नव्हतं.

न्हावऱ्याला उसाच्या ट्रॅक्टरांची कामं करणारा एक जण आहे. हंगामात त्याच्या दारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरांची रांग असते. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "बिग एंड गेलंय." दाजींचा चेहरा उतरला. कारण बिग एंड बेअरिंग जाणं म्हणजे चेंबर खोला, क्रँक बघा, म्हणजे पुन्हा पेढ्यांपासून सुरुवात. पण माणूस पद्धतशीर होता. त्याने इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल केला. ज्या सिलिंडरचं डिझेल तुटतं, त्यात स्फोट होत नाही, त्याच्या बेअरिंगवरचा भार जातो. दोष तिथे असेल तर ठोका मंदावतो किंवा बदलतो. चारही नट सैल करून झाले. इंजिन दर वेळी लंगडलं, डिझेलचे शिंतोडे दाजींच्या पांढऱ्या शर्टावर उडाले, पण ठोका जसाच्या तसा. ऑईलचं प्रेशरही चांगलं.

"म्हणजे बिग एंड नाही ना?" दाजींनी आशेने विचारलं.

"तसं नाही," तो म्हणाला. "चारही सारखेच गेले असतील."

भीमेचा पूल ओलांडून, पारगाव मागे टाकून केडगावला आलो. तिथला स्पेअर पार्टवाला जुना ओळखीचा. त्याने दाजींना क्लच दाबायला सांगितलं. क्लच दाबला की आवाज कमी, सोडला की पुन्हा. "रिलीज बेअरिंग," तो म्हणाला, आणि बोलता बोलता हात मागच्या फळीवर गेलाही. सोबत इंजिनाच्या फाउंडेशनची रबरंही घ्या म्हणाला, इंजिन नवं आणि रबरं जुनी, हे काही बरं दिसत नाही. बेअरिंग बदललं. गिअर बॉक्स उतरला आणि चढला. रबरं बदलली. जुनी तपासली तर चांगली निघाली. ती दाजींनी पिशवीत घातली. आवाज आता जास्त स्वच्छ येऊ लागला.

यानंतर जीप हा सार्वजनिक विषय झाला. गुऱ्हाळवाल्याने सांगितलं, "चरकाचा दात तुटल्यावर अगदी असंच होतं." पिठाच्या गिरणीवाल्याला पट्टा सैल वाटला. विहिरींच्या मोटारी भरणाऱ्या वायरमनने डायनामोवर संशय घेतला. दूध घालायला आलेल्या एकाने डिझेलमध्ये पाणी असल्याचं सांगितलं, आणि त्यावर मात्र बाकीचे सगळे एकदम त्याच्याकडे बघायला लागले.

दौंडचे एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर दाजींचे स्नेही. उभी हयात हजारो अश्वशक्तीच्या इंजिनात गेलेली. त्यांच्यासाठी खास गाडी नेली. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, दोन्ही हात मागे बांधून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "इंजिन चालू आहे, तर आवाज येणारच. आवाज थांबला की मला फोन करा."

तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. यांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. पण इंजिनाचा आवाज कुणी ऐकला असंही मला वाटेना. ज्याने त्याने आपल्या दुकानातला माल ऐकला होता. आयुष्यभर टॅपेट बसवणाऱ्याच्या कानात टॅपेट वाजतो. बेअरिंग विकणाऱ्याच्या कानात बेअरिंग वाजतं, तेही बॉक्ससकट. इंजिन बिचारं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असतं आणि ऐकणारे आपापलं उत्तर घेऊन आलेले असतात.

उत्तर बरोबर न आणलेला माणूस चौफुल्यावर भेटला.

चौफुला म्हणजे पुणे-सोलापूर रस्ता जिथे शिरूरहून येणाऱ्या रस्त्याला छेदतो ते ठिकाण. इथली लावणीची कला केंद्रं महाराष्ट्रभर माहीत आहेत. दुपारची वेळ होती, म्हणजे तिथल्या कलावंतांची सकाळ. आम्ही चहाला थांबलो. दाजींनी इंजिन चालूच ठेवलं होतं, कारण आता त्यांना आवाजाविना करमत नसे. शेजारच्या बाकड्यावर एक ढोलकीवाले चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. बोटं बाकड्यावर हलायला लागली.

"पाव्हणं, जरा बंद करा," ते म्हणाले.

दाजींना वाटलं, त्रास होतोय. त्यांनी स्टॉप ओढला. इंजिन मंदावत, धापा टाकत थांबलं.

"पुन्हा लावा. आन्‌ पुन्हा बंद करा."

तीनचारदा तसं झालं. चहावाला पैसे मागायचं विसरला. ढोलकीवाल्यांना चालू इंजिनात रस नव्हताच. थांबता थांबता शेवटचे जे सावकाश फेरे पडतात, तेवढेच ते ऐकत होते. शेवटी त्यांनी बाकड्यावर वाजवून दाखवलं.

"इंजिन धप, धप, धप, धप करत थांबतंय. बरोबर? तुमचा ठोका दर दुसऱ्या धपेवर पडतोय. चौथ्यावर न्हाय, दुसऱ्यावर. आन्‌ एकदाबी चुकत न्हाय. हात चांगलाय त्याचा."

"मग बिघडलंय काय?" दाजींनी विचारलं.

"ते मला काय म्हाईत? मला लायसनबी न्हाय."

दाजींनी शिरूरच्या मिस्त्रीला फोन लावला आणि 'दर दुसऱ्या धपेवर' हा निरोप जसाच्या तसा दिला. पलीकडे मिस्त्री गप्प झाला. हा गप्पपणा वेगळा होता. चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर दाबले जातात, म्हणजे दोन धपा. टॅपेट हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. एखादा टॅपेट वाजत असता तर तो क्रँकच्या दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणजे दर चौथ्या धपेवर वाजला असता. नोझलचंही तसंच. दर दुसऱ्या धपेवर वाजतंय म्हणजे जे वाजतंय ते क्रँकबरोबरच फिरतंय. न्हावऱ्यात नोझल सैल करूनही फरक पडला नव्हता, म्हणजे स्फोटाच्या भाराशी त्याचा संबंध नव्हता. आणि क्लच दाबल्यावर बदलत होतं, म्हणजे ते क्रँकच्या मागच्या टोकाला होतं. क्लचचा दाब आला की क्रँक केसभर पुढे सरकतो, तेवढी जागा त्याला ठेवलेलीच असते. त्याच्यामागे फ्लायव्हीलही केसभर पुढे जातं.

हे सगळं मिस्त्रीने नंतर समजावून सांगितलं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "भाऊ, खाली वाका. फ्लायव्हीलखालचा पत्रा बघा."

पलीकडच्या पंक्चरवाल्याचा पोरगा जीपखाली सरपटत गेला. फ्लायव्हीलला माती-दगड लागू नये म्हणून खालून एक साधा पत्रा बसवलेला असतो. इंजिन चढवताना जॅक बहुधा त्यावरच टेकला असणार. पत्रा आत दबला होता, आणि फ्लायव्हीलच्या कडेचा एक किंचित उंचवटा प्रत्येक फेऱ्याला त्याला टिचकी मारून जात होता. पत्र्यावर तेवढ्याच जागी नव्या रुपयासारखी चकाकी आली होती. पोराने हातोडीने दोन ठोके दिले, पत्रा बाहेर ओढला, बोल्ट आवळले. "लावा," आतून आवाज आला.

इंजिन चालू झालं. टिक नाही, टक नाही, ठण्णही नाही. पोराने वीस रुपये सांगितले. दाजींनी पन्नास दिले आणि ढोलकीवाल्यांच्या चहाचेही पैसे द्यायला गेले, तर ते आधीच उठून गेले होते. त्यांची संध्याकाळची तयारी सुरू व्हायची होती.

बातमी आमच्या आधी गावी पोचली, आणि निदान करणाऱ्यांपैकी एकही जण चुकला नव्हता असं कळलं. न्हावऱ्याचा म्हणाला, "क्रँकच्या लाइनलाच आहे, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं." स्पेअर पार्टवाला म्हणाला, "क्लचच्या बाजूला बोट मीच दाखवलं. मागून चारच इंचावर होतं." गुऱ्हाळवाल्याचं म्हणणं असं, की फ्लायव्हीललाही दातच असतात. दूधवाला एकटा आपल्या मतावर ठाम राहिला. पाणी होतंच, ते उडून गेलं. शिरूरच्या मिस्त्रीने तर हा ठोका इतरांना शिकवायला घेतलाय म्हणे. नवीन पोऱ्यांना तो आता आधी टाळ्या वाजवायला लावतो.

दाजींकडे मात्र या सगळ्यातून माल साठला. पहिलं इंजिन शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. त्याच्याशेजारच्या पिशवीत उगाच काढलेलं चांगलं रिलीज बेअरिंग, उगाच काढलेली चांगली रबरं आणि पॅकिंगचा उरलेला सेट. हे सगळं असंच पडून राहावं, हे त्यांच्या स्वभावाला मानवत नाही. परवा ते जेवताना म्हणाले, न्हावऱ्याजवळ एक जीप पडून आहे, बॉडी खणखणीत, टायर बरे, किंमतही बेताची.

"पण तिला इंजिनच नाही," दाजींनी खाली बघत कबूल केलं.

"मग आणा की," ताई भाकरी वाढत म्हणाली. "निदान आवाज तरी येणार नाही."